उलट्या गल्लीचा जबाब

गल्ली अरुंद होती, पण मामांच्या दुकानातला आरसा रुंद होता. गल्लीत जे मावत नव्हतं ते आरशात मावायचं. समोरच्या शिंपीणकाकूंच्या दारात हँगरला लटकलेले बिनबाह्यांचे कोट, वरच्या गॅलऱ्यांवरून ओथंबलेल्या चादरी, आणि चादरींच्या वर शिल्लक राहिलेलं आभाळ, हातरुमालाएवढं.

मामा केस कापायचे आणि दाढ्या करायचे. चाळीस वर्षं तेच. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तोंड आरशाकडे, पाठ गल्लीकडे. थांबलेल्यांसाठी दाराशी, खांबाला लागून, एक बाक होता, त्याचीही पाठ गल्लीकडेच. म्हणजे मामांकडे आलेला माणूस आपली गल्ली बघायचा ती आरशातून, उलटी. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. दारावरच्या भिंतीतलं घड्याळसुद्धा आरशात उलटं चालायचं. मामांना त्याची इतकी सवय झाली होती की उलट्या काट्यांवरून ते सुलटी वेळ सांगायचे, आणि सुलटं घड्याळ बघायची पाळी आली तर मात्र गडबडायचे.

दुकानाच्या दर्शनी भिंतीवर दोन ओळी रंगवलेल्या होत्या. निळ्या रंगात, लाल छायेसकट:

बसा घडीभर, मान द्या हातात,
कात्रीचं गुपित कात्रीच्या पात्यात.

ओळी जुळवल्या होत्या आबांनी आणि रंगवल्याही त्यांनीच. आबा म्हणजे गल्लीचे पाट्या रंगवणारे. अर्ध्या शहराची दुकानं त्यांच्या अक्षरांखाली उघडत आणि मिटत. आता वयानं हाताला थरथर आली होती. ब्रश सुटला, आणि मग वस्तराही. म्हणून दर दुसऱ्या रविवारी सून त्यांना दाढीला घेऊन यायची आणि त्यांची दाढी होईपर्यंत बाकाच्या खांबाकडच्या टोकाला वह्या तपासत बसायची.

सून म्हणजे गणितबाई. गल्लीच्या तोंडाशी जी शाळा आहे, तिथल्या. त्या वर्गात शिरल्या की फळ्याखालचा खडूसुद्धा ताठ उभा राहतो, असं पोरं सांगायची. वर्गात 'गगनगडी' वाचताना कुणी सापडलं की बाई एक शब्द न बोलता हात पुढे करायच्या आणि अंक त्यांच्या टेबलाच्या खणात जायचा. तो खण म्हणजे विहीर होती. आत गेलेलं वर येत नसे.

'गगनगडी' हे महिन्याला निघणारं कॉमिक. त्यातला नायक दिवसा एका उंच इमारतीत लिफ्ट चालवायचा. "कितवा मजला?" याखेरीज कुणाशी अक्षर बोलायचा नाही. आणि शहरावर संकट आलं की तोच मुखवटा चढवून छतावरून झेप घ्यायचा. दिवसभर लोकांना वरखाली करणारा माणूस असा एकटाच आभाळात जायचा, हे पोरांना फार आवडायचं. मोठ्यांनाही आवडायचं, पण मोठे ते वर्तमानपत्राच्या आड धरून वाचायचे. मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव असायचं, रेघोट्या. एवढंच. हा रेघोट्या कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. शिंपीणकाकूंचं मत होतं की तो तरुण असावा आणि बिनलग्नाचा असावा, कारण संसारी माणसाला इतकं उडता येत नाही.

रेघोट्या बाकाच्या टोकाला वह्या तपासत बसलेला असायचा. म्हणजे बसलेली.

घरात हे फक्त आबांना माहीत होतं. पहाटे, गल्लीत दुधाच्या बाटल्या वाजायच्या आधी, सासरा आणि सून मागच्या खोलीत दौत उघडून बसत. बाई चौकटी आखायच्या, गगनगडी उडवायच्या. आबा अक्षरं काढायचे. थरथरत्या हाताचाही एक उपयोग असतो, हे त्यांना त्या खोलीत कळलं. "धडाम" आणि "वाचवा" ही अक्षरं त्यांच्यासारखी कुणाला जमायची नाहीत. घाबरलेलं अक्षर काढायला आधी हात घाबरावा लागतो, असं म्हणून ते स्वतःच हसायचे. आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला की दोघं एका सुरात ओरडायचे, "पेपर तपासतोय!"

आवाज असायचा सासूबाईंचा. सासूबाईंना गल्ली खटखटआजी म्हणायची. तीस वर्षं त्या न्यायालयात टंकलेखिका होत्या. निवृत्त होताना निकामी ठरलेलं टंकयंत्र घरी घेऊन आल्या आणि आता वाण्याची यादीसुद्धा त्यावरच करायच्या, तीन प्रतींत.

बाई चित्रं काढायच्या ती मामांच्या आरशात बघून. घाईत असलेल्या माणसाला गल्ली उभी राहून न्याहाळता येत नाही, कुणीतरी विचारतंच, "काय हो बाई, काय हरवलं?" बाकावर मात्र मान वर केली की अख्खी गल्ली समोर, आणि वही मांडीवर. शिवाय बाईंचा एक पक्का समज होता. उलटी गल्ली कोण ओळखणार? आरशातली गल्ली म्हणजे मुखवटा घातलेली गल्ली. चाळीस अंक तो मुखवटा टिकला. गगनगडी काकूंच्या छपरावरून उडाला, आजींच्या गॅलरीवरून उडाला, आणि गल्लीतली माणसं चित्रात आपलीच चादर बघून म्हणाली, "बघा, कुठेतरी अशीही गल्ली असते."

एक्केचाळिसाव्या अंकाला मात्र घात झाला. शाळेच्या परीक्षा, पेपरांचे गठ्ठे, आणि छापखान्याची तारीख डोक्यावर. खलनायक काळोख्या, जो फुंकर मारून दिवे विझवतो, त्याला लपायला जागा हवी होती. बाईंनी मान वर केली. समोर जे दिसलं ते काढलं. आरसा, भेगाळलेलं बेसिन, हिरवं ठिगळ लावलेली खुर्ची, दारावरचं घड्याळ. आणि गोष्टीला झणझणीतपणा हवा म्हणून दुकानदाराला काळोख्याचा साथीदार केला. झुबकेदार मिशी, पट्ट्यापट्ट्यांचा ॲप्रन. तो वस्तऱ्यावर उन्हाची तिरीप घेऊन काळोख्याला खुणा करत होता. मग गगनगडी भिंत फोडून आत आला, आरशाचा चुरा केला, काळोख्याला बगलेत मारला आणि उडून गेला. शेवटच्या चौकटीत शहर टाळ्या वाजवत होतं.

अंक आला त्या दिवशी गल्ली हसली. "काय मामा, काळोख्या माळ्यावर आहे की बेसिनखाली?" मामाही हसले. म्हणाले, "वर आहे. पंखा पुसतोय."

दुसऱ्या दिवशीही लोक हसले. तिसऱ्या दिवशी एका पोरानं खुर्चीत बसायलाच नकार दिला. खुर्चीचा दांडा धरून असं रडलं की आईनं हात जोडले आणि त्याला चौकातल्या नव्या काचेच्या दुकानात नेलं. त्याच्यामागून दुसरं गेलं. पोरांमागून बाप गेले, कारण पोराला नेलंच आहे तर आपली दाढीही उरकून घ्यावी. खरं कारण कुणी बोललं नाही. पण एक बारीकशी शंका केसासारखी मानेवर चिकटली होती. वस्तऱ्याखाली मान देणं ही साधी गोष्ट नाही. माणूस डोळे मिटतो आणि गळा पुढे करतो. चाळीस वर्षं लोकांनी मामांपुढे डोळे मिटले होते. आता ते एक डोळा किलकिला ठेवायला लागले, आणि एक डोळा उघडा ठेवून दाढी होत नाही.

पुढच्या रविवारी बाई आबांना घेऊन आल्या तेव्हा बाक रिकामा होता. मामा रिकाम्या खुर्चीवरचा टॉवेल झटकत होते. त्यावर एक केस नव्हता. तरी झटकत होते.

"या आबा," मामा म्हणाले. "आज नंबर नाही. सरळ बसा."

बाईंनी वही उघडली नाही.

आबांची दाढी करून हात पुसले आणि मामा त्यांच्याबरोबरच निघाले, थेट आजींपुढे उभे राहिले. म्हणाले, "आजी, मला तक्रार द्यायची आहे."

"कुणावर?"

"गगनगडीवर."

आजींनी चष्मा लावला. टंकयंत्रावरचं फडकं काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की बाईंना आतल्या आत घाम फुटला.

"त्या चित्रकारावर नको?" आजींनी विचारलं. "चित्रं तो काढतो."

"तो कोण मला माहीत नाही," मामा म्हणाले. "माझ्या ओळखीचा गगनगडी आहे. चाळीस अंक मीच दुकानात ठेवत आलो. पोरांचे केस कापताना मीच त्यांना वाचून दाखवायचो, पोरं हलू नयेत म्हणून. त्यानंच माझी भिंत फोडली. फोडली तर फोडली. पण जबाब द्यायला नको?"

आजींनी तीन प्रतींत समन्स टंकलं. "गगनगडी, धंदा लिफ्ट चालवणे व उडणे, राहणार ठाऊक नाही, यास कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मामांच्या दुकानी समक्ष हजर राहून भिंतीबाबत खुलासा करावा. मुखवटा घालून आल्यास चालेल, पण यावे." एक प्रत पाकिटात घातली आणि कॉमिकच्या छापखान्याच्या पत्त्यावर टाकली.

ते पाकीट शहर ओलांडून छापखान्यात गेलं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाई पानं द्यायला तिकडे गेल्या, तेव्हा छापखानेवाल्यांनी ते हसत पुढे केलं. "बाई, तुमच्या गड्याला समन्स आलंय! पत्रांच्या पानावर छापू या का? लोक पोट धरून हसतील." बाईंनी ते पर्समध्ये घातलं. घरच्या बाहेरच्या खोलीतून निघालेलं पत्र असं पाच दिवसांनी घरच्याच मागच्या खोलीत पोचलं.

"आता?" आबांनी कुजबुजून विचारलं.

"जायचं तर तोंड दाखवावं लागेल."

"आणि नाही गेलं तर?"

बाईंनी समन्स पुन्हा पाकिटात घातलं. तोंड दाखवायचं म्हणजे शाळेत दाखवायचं, त्या खणासमोर दाखवायचं, आणि सासूबाईंना दाखवायचं. शिवाय आणखी एक होतं, जे त्यांनी आबांनाही कधी सांगितलं नव्हतं. दिवसभर त्या बाई असायच्या, सून असायच्या, वहिनी, काकू, ताई असायच्या. पहाटेचे दोन तास त्या कुणीच नसायच्या. ते कुणीच नसणं त्यांना फार प्रिय होतं.

रविवारी मामांच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. टंकयंत्र बेसिनशेजारच्या फळीवर विराजमान झालं होतं. गगनगडीसाठी खुर्ची रिकामी ठेवली होती, धुतलेला टॉवेल घालून.

आजींनी घसा साफ केला. "गगनगडी! हजर आहे का?"

सगळ्यांनी वर बघितलं. चादरींमधून एक कबूतर गेलं.

"गगनगडी हजर आहे का?" दुसऱ्यांदा.

"तो नाही येणार आजी," पोरांच्या घोळक्यातून एकजण म्हणाला. "चेहरा दिसला तर काळोख्या त्याच्या आईला पकडेल."

"त्याच्या आईला माहीत तरी आहे का, मुलगा लोकांच्या भिंती फोडत हिंडतो ते?" शिंपीणकाकू म्हणाल्या.

"पण काकू, त्यानं शहर वाचवलं!"

"वाचवलं बाबा," मामा पुढे आले. "मी नाही कुठे म्हणतो? पण वाचवून झाल्यावर मागे वळून बघायला किती वेळ लागतो? एक चौकट. एकच चौकट लागते. त्यानं मला एक चौकट द्यायला हवी होती. आणि मी काळोख्याचा माणूस, हे कुठल्या चौकटीत ठरलं? मला कुणी विचारलं? माझ्या तोंडाला त्यानं एक फुगासुद्धा ठेवला नाही बोलायला."

टंकयंत्र थोडा वेळ खटखटत राहिलं, मग थांबलं.

"चांगलं काम मुखवट्याआडून केलं तर त्याला मोठेपणा म्हणतात," मामा म्हणाले. "मग चूक मुखवट्याआडून केली तर तिला काय म्हणायचं? चांगलं झालं की टाळ्या गगनगडीला, आणि वाईट झालं की तो लिफ्टमध्ये. 'कितवा मजला?'"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या बाकाच्या त्याच टोकाला, खांबाला टेकून बसल्या होत्या.

"आजी, हा अंक पुरावा म्हणून घ्या." मामांनी एक्केचाळिसावा अंक आरशाला टेकवून उभा केला. "मी आठवडाभर बघतोय. गिऱ्हाईक नसलं की माणूस वाचक होतो. दुकानातून बाहेर बघितलं की काकू कुठल्या हाताला?"

"उजव्या," काकूच म्हणाल्या.

"चित्रात डाव्या. आणि हे बघा. इथे लिहिलंय 'सकाळचे दहा', आणि घड्याळात वाजलेत दोन."

"चित्रकाराला घड्याळ कळत नसेल," कुणीतरी म्हणालं. "गणित कच्चं."

गणितबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"गणित पक्कं आहे," मामा म्हणाले. त्यांनी वळून आरशाकडे बोट केलं. "आत्ता दहा वाजलेत. आरशात बघा किती दिसतात."

सगळ्या माना आरशाकडे वळल्या. आरशात दोन वाजले होते. डाव्या बाजूला काकूंचे बिनबाह्यांचे कोट हलत होते. घोळक्यातून एक लांब "हां..." निघालं, जसं कोडं सुटल्यावर वर्गातून निघतं.

"म्हणजे हा रेघोट्या माझ्या आरशात बघून काढतो. म्हणजे तो इथे येतो. आणि आणखी एक. एक्केचाळीस अंकांत सगळी गल्ली आली, पण समोरचा गल्लीचा नळ नाही आला. एकदाही नाही."

"मीच विचारणार होते!" काकू म्हणाल्या. "एवढं शहर जळतं आणि पाणी कुठेच नाही!"

"नळ खांबाआड जातो, फक्त एका जागेवरून. तिथे बसलं की..." मामा थांबले.

बाईंना वाटलं, पाठीला टेकलेला खांब आता बोलणार. पण मामांनी त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. अंक मिटला आणि फळीवर ठेवला.

"मी ओळखलंय," ते म्हणाले. "पण नाव मी सांगणार नाही."

"का?" आजींची बोटं कळांवर तशीच. "साक्षीदारानं सगळं सांगायचं असतं."

"भिंतीवर काय लिहिलंय आजी? चाळीस वर्षं माणसं इथे डोळे मिटून बोलली. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला टक्कल पडायला लागलं, कोण कुणावर रुसलं. एका मानेची गोष्ट मी दुसऱ्या मानेला सांगितली नाही. आता माझी भिंत फोडली म्हणून मी कुणाचा मुखवटा फोडू? आले तर गगनगडी स्वतः येतील. नाही आले, तर टॉवेल उद्या पुन्हा धुईन."

तेवढ्यात खुर्चीत धप्पकन कुणीतरी बसलं. आबा.

"लिहा," आबा छाती काढून म्हणाले. "रेघोट्या मीच. गगनगडी माझाच."

आजींनी चष्म्यावरून नवऱ्याकडे बघितलं. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी हा चेहरा अनेकदा बघितला होता. साखर सांडली की असाच असायचा. त्यांनी यंत्रातला कागद काढून पुढे धरला, वर पेन ठेवलं.

"एक रेघ काढा. सरळ."

आबांनी पेन घेतलं. हात थरथरला. रेघ निघाली, पण ती बिचारी वाटेत तीनदा घाबरली, एकदा मागे वळली, आणि कागदाच्या कडेला जाऊन बसली. कुणी हसलं नाही. आबांनी रेघेकडे बघितलं आणि म्हणाले, "धडाम लिहून दाखवू?"

"पुरे, आबा," बाई म्हणाल्या.

आणि उठल्या. बाक ते खुर्ची अंतर चार पावलांचं. त्यांनी आबांना हात धरून उठवलं, स्वतः टॉवेलावर बसल्या. आरशात त्यांना आपला चेहरा दिसला, मागे अख्खी गल्ली दिसली. या जागेवरून नळही दिसत होता. पितळी, गळका, उन्हात चमकणारा. एवढी वर्षं कसा दिसला नाही?

आजींनी नवा कागद घातला. फार सावकाश.

"नाव?"

"आई, तुम्हाला माहीत आहे."

"जबाब घेणाऱ्याला काही माहीत नसतं, सूनबाई. सांगायचं असतं."

बाईंनी नाव सांगितलं, घरचं आणि शाळेतलं. मग म्हणाल्या, "उर्फ रेघोट्या."

टंकयंत्राची घंटी वाजली. ओळ संपली होती म्हणून, पण दुकानात सगळेच दचकले.

"समक्ष विचारल्यावरून सांगते," बाई म्हणाल्या, "की भिंत मी फोडली. मला जागा हवी होती आणि मामांचं दुकान समोर होतं. मामांना मी साथीदार केलं ते घाईत. त्यांची मिशी काढायला सोपी आहे म्हणून. उलटं आहे, कुणाला कळणार नाही, असं वाटलं. मामांनी माझ्या घरच्यांची मान सांभाळली आणि मी केसानं त्यांचा गळा कापला. चूक गगनगडीची नाही. त्याला मी जिकडे उडवते तिकडे तो उडतो."

"म्हणजे पहाटेचे पेपर..." आजी म्हणाल्या.

"चौकटी होत्या."

"आणि मी म्हणत होते, लाल पेन सोडून काळी शाई कशी संपते! आणि हे?" त्यांनी आबांकडे मान वळवली. "तुमचा हात काय?"

"'वाचवा' माझं असतं," आबा पुटपुटले. "आत्ताही."

पोरं अजून तोंडं उघडी टाकून उभी होती. शेवटी त्यांच्यातली एक मुलगी, जिचे तीन अंक खणात होते, धीर करून म्हणाली, "बाई, म्हणजे तुम्हीच काढायचं आणि तुम्हीच जप्त करायचं?"

"हो," बाई म्हणाल्या. खाली बघून नाही, तिच्याकडे बघून. "तेही जबाबात घ्या, आई. उद्या सगळे अंक परत देईन. वर्गात वाचलात तर मात्र पुन्हा घेईन."

आजींनी ते घेतलं. तीन प्रतींत. बाईंनी सही केली. मग आजींनी मामांकडे बघितलं. "तक्रारदाराचं म्हणणं काय? काय भरपाई हवी?"

मामांनी वस्तरा घेतला, चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा सावकाश फिरवला. विचार करताना त्यांचे हात रिकामे राहत नसत.

"त्यानं यावं," मामा म्हणाले. "दारातून. नंबर लावून. आणि या खुर्चीत बसून दाढी करून घ्यावी."

"मुखवट्यासकट?" काकूंनी विचारलं.

"मुखवट्यासकट दाढी कशी होईल काकू?"

सोमवारी खण रिकामा झाला आणि शाळा भरून वाहिली. मोठ्या बाईंनी गणितबाईंना ऑफिसात बोलावलं, दार लावून बराच वेळ बिनपाण्यानं केली, आणि शेवटी हळूच विचारलं की तो लिफ्टवाला लग्न कधी करणार आहे. पहाटेचं कुणीच नसणं मात्र गेलं ते गेलंच. आता बाई मागच्या खोलीत बसल्या की आजी दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि म्हणायच्या, "हा उडताना चप्पल का घालत नाही?" एकदोन पहाटे बाईंना रडू आलं. तिसऱ्या पहाटे त्यांनी गगनगडीला चपला काढल्या. बऱ्या दिसल्या.

पुढच्या रविवारी पेन्सिलीनं काढलेली पानं घेऊन त्या दुकानात गेल्या, छापायच्या आधी मामांना दाखवायला. बाकावर टेकायला जागा नव्हती. लोक केस वाढले म्हणून आले नव्हते. बाई आता उघड उघड चित्रं काढतात म्हटल्यावर आपणही एखाद्या चौकटीत यावं, म्हणून आले होते. एकानं तर नवा शर्ट घातला होता.

"असू दे," मामा हळूच म्हणाले. "कशासाठी का येईनात, मान तर देतायत." खुर्चीत तेच पोर होतं, जे दांडा धरून रडलं होतं. त्यानं एक डोळा उघडा ठेवला होता, पण बसलं होतं.

मामांनी हात पुसून पानं घेतली. गगनगडी दारातून आत आला होता. चपला दाराबाहेर काढून. दुकानदार त्याला म्हणत होता, "बसा, नंबर आहे," आणि तो मुखवटा घालून दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये गुडघे जुळवून बसला होता, जुनं वर्तमानपत्र वाचत. पुढच्या पानावर त्याचा नंबर आला. तो खुर्चीत बसला, मुखवटा काढून मांडीवर ठेवला. आरशात चेहरा होता, पण साबणाच्या फेसानं झाकलेला, वाचकाला दिसणार नाही असा. दुकानदाराला मात्र दिसत होता. वस्तरा हातात घेऊन तो विचारत होता, "नेहमीसारखीच ना?"

मामा त्या चौकटीवर फार वेळ थांबले.

"म्हणजे मला आधीपासून माहीत होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला सगळ्यांचंच माहीत असतं. सांगत नाही एवढंच."

शेवटच्या चौकटीखाली आबांच्या थरथरत्या अक्षरांत दोन ओळी होत्या:

भिंतीतून आला, दारातून गेला,
मुखवटा उतरून शेजारी झाला.

मामांनी मिशीवरून हात फिरवला. पानं पुन्हा पहिल्यापासून बघितली, आणि कपाळाला आठी घातली.

"बाई, ही कुठली गल्ली?"

"आपलीच. या वेळी मी रस्त्यात उभी राहून काढली. काकू उजवीकडे, घड्याळात दहाच वाजलेत. सगळं सुलटं."

"मला नाही ओळखू येत," मामा म्हणाले. "चाळीस वर्षं मी या गल्लीकडे पाठ करून उभा आहे. माझी गल्ली ती." त्यांनी आरशाकडे कात्री रोखली. "तशीच असू दे. फक्त नळ घाला. काकू रोज विचारतात."

बाईंनी आरशात बघितलं. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे गेल्या. तिथे नव्या शर्टवाला बसला होता.

"जरा सरकता का?"

"नंबर आहे बाई," तो म्हणाला, पण सरकला. बाईंनी वही मांडीवर उघडली, झाकली नाही, आणि नळापासून सुरुवात केली.